बारा नंबरचा नळ

हरिदास रिकामी बादली घेऊन बारा नंबरच्या नळासमोर उभा होता. नळ तीन दिवस कोरडा होता आणि तीन दिवस ड्यूटीवरून आला, की हरिदास असाच येऊन उभा राहायचा. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. शेजारच्या अकरा नळांना धो धो पाणी होतं.

आखातातल्या मीना सलमान बंदराच्या गोदामांमागचा हा लेबर कॅम्प. खोल्या बारा, अंगणात एका रांगेत नळ बारा. कॅम्प बॉस नजीब हा महाडचा. तो नवा आला, तेव्हा नळांवर रोज मारामाऱ्या व्हायच्या. एका बिहाऱ्याचं डोकं फुटलं, त्या दिवशी नजीबला लहानपणी मदरशात ऐकलेली मूसा नबींची गोष्ट आठवली. वाळवंटातली तहानलेली माणसं, त्यांची कुळं बारा. मूसांनी खडकावर काठी मारली, बारा झरे फुटले, आणि प्रत्येक कुळाला आपापला झरा कळला.

नजीबकडे काठी नव्हती. त्यानं लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि नळांच्या वर भिंतीवर एक ते बारा आकडे रंगवले. ज्या नंबरची खोली, त्या नंबरचा नळ. "ही माझी अक्कल नाय, वरची व्यवस्था आहे," तो सगळ्यांना सांगायचा. भांडणं बंद झाली. नळावरच्या गप्पाही बंद झाल्या, पण गप्पा बंद झाल्याची तक्रार घेऊन कुणी ऑफिसात येत नाही.

आज पाच वाजता मॅनेजर ही व्यवस्था बघायला येणार होता. आवडली, तर मोठा कॅम्प नजीबच्या हाती, सोबत शहरात माहूज भागात दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बायकोचा, नसीमाचा व्हिसा. खिडक्यांना पडदे किती लांब लागतील, हे नसीमानं फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं. आणि नेमका आता रांगेतला एक नळ रुसला होता.

दुरुस्तीला माणूस शोधायला नको होता. कॅम्पचा प्लंबर हरिदासच होता, बारा नंबर खोलीतला, वाशीमकडचा. तीन दिवस नजीबनं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "पार्ट मफी, नजीबभाई. नाही आला अजून. येईल, इंशाल्ला." खोलीतले चौघे साइटवरून बाटल्या भरून आणत होते आणि त्यातच भागवत होते.

नळ बंद पडायच्या आदल्या दिवशी एक बारीकशी गोष्ट घडली होती. नजीबच्या लेखी तर ती घडलीच नव्हती. हरिदासच्या खोलीतला जयप्रकाश उन्हानं भोवंडून बसमधून उतरला आणि गेटजवळच्या पहिल्याच नळाखाली त्यानं ओंजळ धरली. नजीब तिथेच होता. तो ओरडला नाही. "जयप्रकाश, तुझा बारा," एवढंच म्हणाला. जयप्रकाशनं ओंजळ सोडून दिली आणि भिंतीला धरत धरत रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेला. नजीबलाही वाईट वाटलं. पण एकाला सूट दिली की परत डोकी फुटणार. हरिदास तेव्हा बसच्या पायरीवर उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

चार वाजले. हरिदास उभाच. मॅनेजरला दिसायला नको असलेला एकमेव माणूस बरोबर नजरेत भरेल असा उभा होता. अकरा नंबरवर एक बंगाली म्हातारा बादली भरत होता आणि मान वर करत नव्हता.

नजीब जवळ गेला. "हरिदासभाऊ, अकरावरून भरा. मी परवानगी देतो."

"नको."

"अहो, मी स्वतः सांगतोय ना!"

"परवानगीचं पानी आमच्या घरी पचत नाही." हरिदासनं बादली दुसऱ्या हातात घेतली. "तुमी महाडचे ना, नजीबभाई?"

"हो."

"मंग तुमाले म्या काय सांगू."

नजीब ऑफिसात येऊन बसला. महाडला तळ्यावरूनच त्याचा शाळेचा रस्ता होता. दरवर्षी मार्चात त्या तळ्यावर लांबलांबून माणसं यायची, कडेवर पोरं घेऊन, आणि वाकून ओंजळभर पाणी प्यायची. त्या दिवशी त्याचे अब्बा दुकानापुढे सकाळपासून माठ भरून ठेवायचे. नजीब पेले विसळायचा. माठांवर आकडे नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

त्यानं थिनरची बाटली घेतली, एक जुनी बनियन घेतली आणि एक नंबरपासून सुरुवात केली. रंग चिवट होता, त्यानंच चांगल्यातला आणला होता. पाचव्या आकड्यापाशी बंगाली म्हातारा काही न विचारता दुसरं फडकं घेऊन आला. पाचला दहा मिनिटं असताना बारावा आकडा गेला. भिंतीवर बारा लालसर डाग उरले. मॅनेजरला दाखवायला आता नजीबपाशी काहीच नव्हतं. नसीमाला काय सांगायचं, हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं.

हरिदासनं जयप्रकाशला हाक मारली. दोघं गेटजवळच्या पहिल्या नळावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मग हरिदासनं मागच्या खिशातून पाना काढला, रांगेच्या शेवटाला जाऊन भिंतीमागच्या व्हॉल्व्हपाशी वाकला आणि दोनदा पाना फिरवला.

बारावा नळ खोकला. मग त्याला धो धो पाणी आलं.

नजीबनं पाण्याकडे बघितलं, पान्याकडे बघितलं. गेटवर मॅनेजरच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"पार्ट आला वाटतं," तो म्हणाला.

"आत्ताच आला," हरिदास म्हणाला.