पहिलं बाळंतपण माहेरी

“एक ही जन अंदर रहेगा,” सिस्टर म्हणाली, “और रोनेवाला नहीं चलेगा.”

रडत होती ती सुनीतीच. लेक ओवी खाटेवर कळा सोसत होती आणि वर आईचीच समजूत घालत होती, “आई, घाबरू नको ना. मले इतकं दुखून नाही राहिलं.” सुनीती तिचा घाम पुसत, डोळे गाळत एकच पालुपद घोळवत होती, “काही होत नाही बाई, काही होत नाही.” बाळाचे ठोके मधूनच मंदावत होते. पोरगी अशीच अंग आवळून राहिली तर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरबाई सांगून गेल्या होत्या.

सिस्टरने सरळ ओवीलाच विचारलं, “बोलो, कौन रहेगा?”

ओवीने आईकडे पाहिलं नाही. “मम्मीजींना बोलवा,” ती म्हणाली. सासूला ती मम्मीजी म्हणायची.

सुनीती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. त्या रीतीसाठी ती सातव्या महिन्यापासून गोंदियाच्या व्याह्यांशी फोनवर भांडली होती. लेकीला तेलीबांध्याच्या आपल्या घरी आणलं, डिंकाचे लाडू वळले, गोल बाजारातून मऊ कापड आणून दुपटी शिवली. आणि विहीणबाई? सुशीलाबाई कालच्या गाडीने आल्या, हातात एक पिशवी घेऊन. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

सुशीलाबाईंनी हात धुतले, पदर खोचला. गोंदिया स्टेशनच्या चौकशी खिडकीवर त्यांची नोकरी झाली होती. गाड्या लेट झाल्या, लोक काचेवर मुठी आपटू लागले, तरी त्या आवाज न चढवता खरं तेवढं सांगायच्या म्हणे. साखरपुड्यापासून हे कौतुक ऐकून ऐकून सुनीतीचे कान किटले होते.

“विहीणबाई, तुम्ही दाराजवळच बसा,” जाता जाता त्या म्हणाल्या. “लागलं तर मी हाक मारते.”

तेही सुनीतीला झोंबलं. माझ्याच लेकीच्या दारात मला जागा देणारी ही कोण?

जावई आशय फेऱ्या मारत होता. तिच्याजवळ येऊन तो म्हणाला, “मम्मी है ना अंदर. आप टेंशन मत लो.” झालं, जखमेवर मीठही चोळून झालं. सुनीती दाराकडे बघत बसली, आणि तिच्या मनात एक पापी विचार येऊन गेला, हिच्याच्यानेही जमू नये. तिने चटकन जीभ चावली. पण विचार यायचा तो येऊन गेला होता.

आतून सुशीलाबाईंचा आवाज आला, रोजच्या बोलण्यातला. “हो बेटा, दुखते. अजून दुखन. खोटं काहून सांगू? पण मी इथून हलत नाही. ओरड तू. मोठ्यानं ओरड.”

आणि ओवी ओरडली. आईच्या काळजाचं पाणी होईल अशी. “मरते मी! सोडा मले! नाही होत माह्यानं!”

सुनीती दारावर धावली. “काय करून राहिली ती माह्या पोट्टीले?” आशयने तिला धरलं. सिस्टरने दार किलकिलं केलं. “चिल्लाने दो, आंटी. अब जाके जोर लगा रही है. बच्चे की धड़कन भी ठीक चल रही है.”

सुनीती बाकावर बसली. सकाळपासून ती फोनवर ज्याला त्याला सांगत होती, माझी पोट्टी हूं की चूं करत नाही, भारी सोशीक. आत पोट्टी गळा फाडून ओरडत होती, सासूला नाही नाही ते बोलत होती, आणि सासू दर वेळी “हो, हो” म्हणत होती. एकदाही ओवीने त्यांची समजूत घातली नाही.

मग एक बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं.

सुशीलाबाई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, चेहरा घामाने निथळलेला. “नात झाली. दोघी बऱ्या आहेत,” त्या म्हणाल्या. आशय त्यांच्या पायाशीच बसला. “विहीणबाई, जा तुम्ही. ओवी बोलावून राहिली तुम्हाले.”

सुनीती उठली. सुशीलाबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला तसा हातावर ओढलेला पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत नखांच्या खुणा उमटल्या होत्या. काही निळसर, दोन-तीन ठिकाणी रक्त आलेलं.

“अगं बाई! किती लागलं हो!” सुनीतीने त्यांचा हात धरला.

“लागणारच,” सुशीलाबाई म्हणाल्या. “दुखणं कोणावर तरी काढायला पाहिजे ना तिनं.”

आत लेक हाक मारत होती, तरी सुनीतीला तो हात सोडवेना. बायकांच्या हातातल्या पाटल्या तिने आजवर पुष्कळ पाहिल्या होत्या. पण इतका हेवा तिला कुठल्याच हाताचा वाटला नव्हता.