पाठवणी

संगमनेरचे निवृत्त शिक्षक मार्तंडराव बायकोला घेऊन बँकॉकला आले होते. अंबिकाबाईंना विसरण्याचा आजार जडला होता आणि सगळंच पुसलं जाण्याआधी त्यांना निजलेल्या बुद्धाचं ते जुनं मंदिर बघायचं होतं. दर्शनानंतर आवारातच अंबिकाबाईंनी थाई मसाज घेतला. त्यांच्या मुलीच्या वयाच्या एका बाईने तासभर त्यांचे पाय, पाठ, डोकं मायेनं चेपून दिलं.

"चल अंबिका, निघू या," मार्तंडराव म्हणाले.

अंबिकाबाईंनी त्या बाईचा हात घट्ट धरला. "आई, मला या माणसाबरोबर पाठवू नकोस गं."

त्या बाईला मराठी कळत नव्हती. ती गोड हसली आणि अंबिकाबाईंचा हात तिने अलगद मार्तंडरावांच्या हातात दिला.