पायलट सोडून सगळ्यांचा

“पायलटचा नको,” खुशालराव म्हणाले आणि त्यांनी तंबाखूच्या खर्‍याची पिंक हँगरच्या कोपऱ्यात टाकली.

रागिणीने पाय मागे घेतला. विमानाचा विमा पक्का करायला ती सकाळीच अमरावतीहून अकोल्याला आली होती. ट्रक, कापसाच्या जिनिंग, संत्र्याचे बगीचे, सगळ्यांचे विमे तिने आजवर उतरवले होते. विमान पहिलंच. चार जणांचं, पांढरं, सेकंडहँड. अकोटची जिनिंग विकून खुशालरावांनी ते घेतलं होतं. फोनवरची सगळी बोलणी त्यांचा थोरला मुलगा नितेश याने केली होती. पायलटचे कागद मागाहून देतो, असं तो म्हणाला होता.

बाकी कशालाही म्हातारा नाही म्हणाला नव्हता. उभ्या विमानावर गारपीट झाली तर? घ्या. उडताना, उतरताना मोडलं तर? पूर्ण किमतीचा घ्या. खाली वावरात कुणाच्या अंगावर पडलं तर? सगळ्यात मोठा घ्या. आत बसणाऱ्या पाहुण्यांचा? तोही. उडवणाऱ्याचं नाव निघालं की मात्र मान आडवी हलायची.

तिने परोपरीने समजावलं. पायलटच्या अपघाताची पॉलिसी वेगळी असते, पाहुण्यांच्या विम्यात तो येत नाही, आणि बाकीच्या मानाने तिचा हप्ता किरकोळ असतो.

“फुकट भेटली तरी नको,” खुशालराव म्हणाले.

त्यांनी चहा बशीत ओतला आणि मोठ्याने फुरका मारला. मिशीला लागलेला चहा सदऱ्याच्या बाहीने पुसला. मग त्याच बाहीने विमानाच्या पंखावरचा एक डाग घासू लागले, हळुवारपणे. रागिणीला त्या हाताची शिसारी आली. पत्र्यावर एवढी माया, आणि तो पत्रा जो माणूस आभाळात नेणार, त्याची किंमत शून्य. हातातला चहा तिच्याने पिववेना.

“बाबा, मशीन दुसरी घेता येते,” नितेश समजुतीने म्हणाला. “माणूस दुसरा आणता येत नाई. मॅडम बराबर सांगून राहिल्या.”

त्यानेच तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, बिनसाखरेचा चहा मागवला होता. बोलणं मऊ, नजर खाली. अशा बापाच्या पोटी असा मुलगा कसा जन्मला, याचं तिला नवल वाटलं. विमान आवडतं का, असं तिने त्याला विचारलं. तो हसला. अजून एकदाही बसलो नाही, म्हणाला. दोघा भावांना सवडच होत नाही.

धाकटा शिवम तर त्याहून बारकाईने विचारत होता. देखभालीचं काम तोच पाहायचा. तिला बाजूला बोलावून त्याने विचारलं, की पायलटचं काही बरंवाईट झालं तर पैसे घरच्यांना किती लवकर मिळतात, चकरा तर माराव्या लागत नाहीत ना. एखाद्या वेळी देखभालीत काही राहून गेलं, तर ते पैसे अडतात का, हेही विचारलं.

तिने सांगितलं, की विमानाचे पैसे अडू शकतात. पायलटची पॉलिसी वेगळी, तिचं सहसा अडत नाही.

शिवमने भावाकडे पाहिलं. नितेशने मान डोलावली.

“मंग एक करा, मॅडम,” शिवम आवाज खाली आणून म्हणाला. “ते पायलटचं मागाहून जोडून टाका. बाबायले काई सांगू नका.”

“पायलटची सही लागेल.”

“सहीचं मी पाह्यतो.”

रागिणीचं मन भरून आलं. बापाच्या पाठीमागे, एका परक्या माणसाच्या बायकापोरांसाठी ही मुलं धडपडत होती. करून देते, असा तिने शब्द दिला.

दोघं गाडी काढायला बाहेर गेले. खुशालराव अजून तो डाग घासतच होते. तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात फिरत होता. त्यांच्याशी एक शब्दही न बोलता निघून जावं, असं तिला वाटलं. पण पाय निघेना.

“काका, वयाने मोठे आहात म्हणून गप्प होते,” ती म्हणाली. “कोणाचा तरी जीव आहे तो. तुमच्या मुलांना त्याची केवढी काळजी. तुम्हाला थोडीसुद्धा नाही?”

खुशालराव थांबले. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे एकवार पाहिलं.

“हाय खरी त्यायले काळजी,” ते म्हणाले. “लयच हाय.”

“मग त्या पायलटचं नाव सांगा. मी त्याच्याशीच बोलते.”

त्यांनी खर्रा थुंकला, बाही खाली ओढली. पंखावर पाय देऊन ते वर चढले, दार उघडून पायलटच्या खुर्चीत बसले आणि सवयीच्या हाताने पट्टा आवळला.

“बोला,” खुशालराव म्हणाले.