घाईचं ‘अगंबाई!’

“दोरा अंगठ्यामागे आहे,” दुसऱ्या रांगेतल्या बाई म्हणाल्या. अगदी हळू, बोलू नये पण राहवत नाही अशा आवाजात.

जादूगाराचा हात जागच्या जागी थांबला. तोडलेला दोरा फुंकर मारून अखंड करायचा, हा त्याचा हातखंडा खेळ. दुसऱ्या दोऱ्याची गुंडाळी अंगठ्यामागे दडवलेली असते, हे आजवर कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. आज बाईंना कळलं. त्याआधी पत्त्यांच्या खेळात जावईबापूंनी बोट दाखवलं होतं, “खालचा पत्ता वर सरकवलात!” लोक हसले होते, पण प्रेमाने. प्रेमाने हसलेलं जास्त लागतं.

हे जावईबापू दंतवैद्यांचे. दंतवैद्य आज दवाखान्यातून निवृत्त झाले, म्हणून त्यांच्या दिवाणखान्यात हा कार्यक्रम. सोफे भिंतीला सरकवून खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. “जन्मभर लोकांना आ करायला लावलं,” दंतवैद्य सुरुवातीलाच म्हणाले होते, “आज माझा आ होऊ दे.” अजून तरी त्यांचं तोंड बंदच होतं.

जादूगाराची बायको गेल्यानंतरचा हा त्याचा पहिला कार्यक्रम. येताना गाडीत त्याने लेकीला सांगून टाकलं होतं, “आज हात चालले तर ठीक. नाहीतर जादूची पेटी माळ्यावर. या वयात हसं करून घ्यायची हौस नाही मला.” पेटी माळ्यावर गेली की बाबाही तिच्याबरोबर गेले, हे लेकीला ठाऊक होतं.

आता नाणं उरलं होतं. त्याचं सगळ्यात लाडकं. जुनं, जाड, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. खेळ साधाच. उजव्या हातातलं नाणं डाव्यात ठेवल्यासारखं करायचं. डावी मूठ मिटायची, फुंकर मारायची आणि उघडायची. रिकामी! उजवा हात मधल्यामध्ये नाणं कोटाच्या खिशात सोडून आलेला असतो.

पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची त्याने सवयीने मोकळी ठेवली होती. ती बायकोची. शाळेचा वर्ग असो, क्लबचा हॉल असो की कुणाचं घर, ती तिथेच बसायची आणि तेच तेच खेळ पाहून दर वेळी नव्याने दचकायची. दोन्ही हात गालांवर आणि “अगंबाई!” तेही केवढ्यांदा! फक्त तिचं अगंबाई नेहमी घाईचं. डावी मूठ मिटते न मिटते तोच बाईसाहेब ओरडून मोकळ्या.

“अगं, आधी गायब तर होऊ दे,” घरी कोट उतरवताना तो म्हणायचा.

“माझं मेलीचं काय वेळेवर असतं?” ती हसून चहा टाकायची.

तो तिला ‘घाईगडबड’ म्हणायचा. हळूहळू नातेवाइकांतही तेच नाव रुळलं. एकच गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. इतक्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नाही, कसं करता हो? विचारलं असतं तर त्याने तिला सगळं सांगितलं असतं. भोळी आहे बिचारी, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आता या अनोळखी दिवाणखान्यात त्याला तिची फार आठवण आली.

त्याने नाणं वर धरलं. सगळ्यांना दाखवलं. सगळे डोळे त्याच्या उजव्या हातावर. पूर्वी असं कधी होत नसे. हात म्हातारे झाले, दुसरं काय, तो मनाशी म्हणाला.

दाराजवळ उभी असलेली लेक पुढे आली आणि सरळ आईच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्याला ते आवडलं नाही. पण आता खेळ थांबवून काय सांगणार?

त्याने नाणं डाव्या हातात ठेवल्यासारखं केलं. मूठ मिटली. उजवा हात अवघडून कोटाशी आला. जावईबापू पुढे वाकले, बाईंनी चष्मा सारखा केला. संपलंच आता.

“अगंबाई!”

तोच आवाज. तोच हेल. आणि तीच घाई. डावी मूठ अजून उघडायची होती. सगळ्यांच्या माना गर्रकन खुर्चीकडे वळल्या. जावईबापूंची वळली, बाईंची वळली. जादूगाराचीही वळली.

लेक गालांवर हात ठेवून बसली होती. डोळे भरलेले, पण नजर त्याच्या डाव्या मुठीवरून हलत नव्हती. लहानपणी आईशेजारच्या खुर्चीवर बसून ती उजव्या हाताकडे बघायला लागली, की आई तिला हळूच चिमटा काढायची. पोरगी चुळबुळ करते म्हणून काढत असेल, असं त्याला तेव्हा वाटायचं.

लेकीच्या नजरेमागून सगळ्यांचे डोळे डाव्या मुठीवर आले. त्याने फुंकर मारली आणि मूठ उघडली. रिकामी.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. उजवा हात केव्हा खिशात जाऊन आला, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

दंतवैद्यांचा आ मिटेना. “अहो, नाणं गेलं तरी कुठे? कशी करता ही जादू?”

जादूगार कडेच्या खुर्चीकडे बघत होता.

“मला काय विचारता?” तो म्हणाला. “जादू आमची ही करायची.”