पायपुसणं

आजींचा मुलगा दारात थांबला आणि त्याने पायपुसण्यावर बूट पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा, पार टाचेपर्यंत. ते पाहिलं मात्र, आजींनी ओळखलं. शुद्धीत असताना या पठ्ठ्याने जन्मात कधी पाय पुसले नव्हते. चिखलासकट थेट स्वयंपाकघरात यायचा. पोटात गेली की मात्र सभ्यपणा नुसता उतू जायचा.

आत त्याची सहा वर्षांची लेक, चिऊ, सापशिडी मांडून बसली होती. बाबासाठी लाल सोंगटी तिने आधीच काढून ठेवली होती. बापाने रविवारी भेटावं, पण आजीच्या घरी, आजीच्या नजरेसमोर आणि न पिता, असं कोर्टाने सांगितलं होतं. मागे पिऊन त्याचा डोळा लागला, तेव्हा पोर एकटीच मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती. लक्ष ठेवायला आजींचं नाव सुचवलं ते सुनेनेच. पोटच्या मुलाविरुद्ध बोलाल का, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं, तेव्हा आजी हो म्हणाल्या होत्या. म्हणायला काय जातं!

त्यांनी दार मागे ओढून घेतलं आणि जिन्यात आल्या. मुलाचा चेहरा उतरला. थोडीशीच घेतली, म्हणाला. लेकीसमोर यायची धास्ती वाटते म्हणून घेतली. कोर्टाची पुढची तारीख तोंडावर होती. तिथे हे कळलं तर भेटी बंद होणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"कोणाला कळणार आहे, आई?"

"मला कळलं ना."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आजींनी हात पुढे केला. गाडीची किल्ली काढून घेतली आणि पोर जाईपर्यंत वर गच्चीच्या जिन्यावर बसून राहा म्हणाल्या. लहानपणी मार खाल्ल्यावर जायचा तसाच तो निमूट वर गेला.

मग त्यांनी सुनेला फोन लावला. चिऊला सांगितलं, बाबाला आज बरं नाही. ताप आलाय का, असं तिने विचारलं. ताप नाही, पण बरं नाही, आजी म्हणाल्या.

सून लगेच आली. लेकीच्या बुटांचे बंद बांधता बांधता हळूच म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"कोर्टातही सांगेन," आजी म्हणाल्या.

सून त्यांचा हात धरून उभी राहिली. डाव मोडायचा नाही, असं आजीला चारचारदा बजावून चिऊ गेली.

दोघी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आजी खिडकीत उभ्या होत्या. मग त्यांनी दोन ताटं वाढली, दार सताड उघडलं आणि वर हाक मारली.

तो खाली आला. दाराशी थांबला आणि खालमानेने पुन्हा पाय पुसायला लागला.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "तसाच ये आत."