कंस सरकला

"पुन्हा का मोजतेस?" गंगाधर मास्तर ओरडले.

ठकूनं मान वर केली नाही. ओसरीवर तिच्यापुढं हिरड्यांच्या तीन ढिगल्या होत्या. पहिल्या दोन आधी मिसळून मग तिसरी घातली, तेव्हा बेरीज नऊ आली होती. आता मास्तरांनी शेवटच्या दोन आधी मिसळायला सांगितल्या, तर ही पुन्हा एकापासून सुरू.

"अगं, ढिगल्या त्याच, हिरडेही तेच! कंस इथं घातला काय नि तिथं घातला काय, फरक काय पडतो?"

"पडतो की, गुर्जी. हिकडचं तिकडं वतलं की येखादा घरंगळतोच. आमचा बा टोपली बदलली की परत मोजतो."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. त्यांचं डोकं आज आधीच फिरलं होतं. शाळेचं छप्पर वाऱ्यानं उडाल्यापासून शाळा त्यांच्याच ओसरीवर भरत होती. आत खोली एकच. दाराशी आईचं अंथरूण, मधे मास्तरांचं, चुलीशी बायकोचं, शुभाचं. आई दिवाळीत भोरहून चार दिवसांसाठी आली होती. आता होळी आली. आल्या आल्या तिनं मास्तर आणि शुभा यांच्या मधे गोणपाटाचा पडदा टांगला होता. बाळाला चुलीचा धूर सोसत नाही म्हणून. बाळाच्या मिशांना तेव्हा सात वर्षं झाली होती.

"आज पडदा सरकवा, नाहीतर मी माहेरी जाते," असं शुभानं सकाळीच बजावलं होतं. मास्तर "बघू" म्हणाले होते. लग्नापासून ते हेच म्हणत होते.

"ठके, कंस म्हणजे घरातला पडदा समज!" मास्तर कडाडले. "पडदा सरकवला म्हणून घरातली माणसं कमी होतात का?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

दिवेलागणीला मास्तर घरात शिरले. अंथरुणं जागच्या जागी होती. पडदा मात्र एक खुंटी सरकून आई आणि त्यांच्या मधे आला होता. आई अलीकडे गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"गंगाधर, हे कुणी केलं?"

शुभानं चुलीत फुंकर घातली. "माणसं तीनच आहेत, सासूबाई. बेरीज बदलत नाही. सकाळी ह्यांनीच शिकवलं."

आईनं मुलाकडं पाहिलं. मुलानं खुंटीकडं पाहिलं. खुंटी काही बोलली नाही, म्हणून तोही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ठकूनं ढिगल्या उलटसुलट मिसळल्या आणि हिरड्यांना हातही न लावता सांगितलं, "नऊच!"

"मोजलेस?"

"मोजायचं कशाला, गुर्जी? पडदा सरकवला म्हून माणसं कमी हुत्यात व्हय?"

आतून शुभाची गुणगुण ऐकू येत होती. खालच्या वळणावर भोरकडं निघालेली बैलगाडी दिसत होती, आणि तिच्यात गाठोड्याशेजारी पाठमोरी बसलेली आई.

"ठकू," मास्तर हळूच म्हणाले, "मोजून घेत जा."