घोडीच्या चालीनं

खटपटेमामांनी करवंट्या खाली टाकल्या आणि कपाळावर हात मारला. सकाळपासून एकच दृश्य चाललं होतं. खराखुरा म्हातारा गाडीवान आणि त्याची लंगडी घोडी शेजारी शेजारी मातीच्या रस्त्यानं दूर निघून जातात, बस्स. कॅमेरा लांब होता, त्यामुळे आवाज आलेलाच नव्हता. तो मामांनी करायचा. सिनेमातली पावलं, दारांची करकर, कपबशांची किणकिण हे सगळं मामाच स्टुडिओच्या या खोलीत उभे राहून करत. खटपटे हे नाव त्यातूनच चिकटलेलं.

करवंट्यांवर घोडीच्या टापा झकास उतरल्या होत्या. तीन नीट, चौथी जरा ओढून. म्हाताऱ्याची पावलं मात्र काही केल्या बसेनात.

काचेपलीकडे दिग्दर्शिका बाई नखं कुरतडत बसल्या होत्या. निर्माते आज ऐकायला येणार होते. पटलं तर ठीक, नाहीतर शेवटच्या दृश्यावर व्हायोलिन चढणार.

"अख्ख्या सिनेमात त्या दोघांच्या मध्ये मी कुणाला येऊ दिलं नाही, मामा," त्या माइकवरून म्हणाल्या. "आता जाता जाता व्हायोलिन कुठं घुसवू?"

मामांनी चित्र पुन्हा लावायला सांगितलं. या खेपेला कशाला हात लावला नाही, नुसते बघत राहिले.

"अहो बाई, म्हातारबाही लंगडतायत की. पायाला काय झालंय त्यांच्या?"

"काही नाही. पाय ठणठणीत आहे. घोडी अधू झाली तेव्हापासून असेच चालतात. मी विचारलं, तर म्हणाले, तिला एकटीला लंगडायची लाज वाटते."

पडद्यावरचे पाय बघण्यात त्यांचा जन्म गेला, आणि एवढी गोष्ट नजरेतून सुटली होती. या पोरीनं ती पाहिली, आणि पाहून सिनेमात एका शब्दानंही सांगितली नाही. नुसता कॅमेरा लांब उभा केला आणि त्यांना जाऊ दिलं. मामांना तिचं फार कौतुक वाटलं.

"कशी आहे आता घोडी?"

"गेली. शूटिंग संपलं आणि गेलीच."

"आणि ते?"

"परवा मी भेटून आले. नळावर पाणी आणायला निघाले होते." बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "तसेच चालत होते."

तेवढ्यात निर्माते आत आले. फोन कानाला, व्हायोलिनवाल्याशी वेळ ठरवणं चालू. मामांनी काचेतून त्यांना बसायची खूण केली, जाड वहाणा पायांत चढवल्या आणि मातीनं भरलेल्या पेटीत उभे राहिले.

"टापा लावा," ते म्हणाले. "आणि चित्र संपलं तरी रेकॉर्डिंग बंद करू नका."

या वेळी ओढलेली टाप आणि ओढलेलं पाऊल एकदमच पडलं. बाईंनी तोंडावर हात धरला. दोघं लहान होत होत रस्त्याच्या टोकाशी दिसेनासे झाले. पडदा काळा झाला, टापा थांबल्या.

मामा थांबले नाहीत. काळ्या पडद्यावर एकट्याची पावलं चालत राहिली. एक नीट, एक ओढून.

फोन निर्मात्यांच्या कानाशीच होता. मधे जाड काच होती, तरी ते कुजबुजूनच बोलले.

"नाही, तुम्ही येऊ नका. इथं जागाच नाही."